निळ्या वाफ्यातले काळे मणी

विनायकच्या मोबाइलमधली बाई झगा उसवत होती. लहानशी कात्री दोऱ्याखाली घालायची, टचकन तोडायची, आणि मणी खाली ठेवलेल्या पांढऱ्या वाडग्यात ओघळायचे. निळे, निळे, निळेच. रामनगरच्या बसस्टँडसमोर विनायकच्या दुकानाच्या फळीला टेकून सुनयना ते बघत होती आणि पहिल्या काही दोऱ्यांना तिला काहीच वाटलं नव्हतं. झालंच तर थोडी मजा वाटली, की आपण पाठीचा काटा ढिला होईस्तोवर बसून ओवायचं आणि दुसरीनं असं चुटकीसरशी मोकळं करायचं. मग कात्री गळ्याखालच्या वळणापाशी आली आणि सुनयना फळी सोडून पुढं वाकली. तिथं निळ्यात काळे मणी होते. एक काळा, एक पांढरा, पुन्हा काळा. तसे त्या झग्यावरचे सगळेच मणी तिनं लावलेले, पण हे काळे विनायकनं दिलेल्या पुडीतले नव्हते. ते तिच्या मुलीच्या, रक्षाच्या मनगटातले होते. मोबाइलमधली बाई थबकली. तिनं चष्मा वर केला, बोट त्या काळ्या मण्यांवरून फिरवलं आणि काहीतरी बोलली. ती इंग्रजीत बोलत होती. “थांब, पुढं बघ,” विनायक म्हणाला. सुनयनाला पुढं बघायचं नव्हतं आणि मान वळवताही येत नव्हती.

कातड्याच्या झग्यावर मणी ओवायचं हे काम घरात आलं तेव्हा बायजानं, म्हणजे सुनयनाच्या सासूनं, ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. कातडं ते कातडं. पडवीत बसा, काय शिवायचं ते शिवा, आणि आत येताना हात धुऊन या. शेळीचं कातडं होतं ते, पिवळसर, कानाच्या पाळीसारखं मऊ, आणि त्याला धुराचा वास यायचा. मग कुणीतरी सांगितलं की हे अमेरिकेला जातं, आणि अमेरिकेला जाणाऱ्या कातड्याला विटाळ नसावा, कारण थोड्याच दिवसांत बायजा स्वतःच पडवीत येऊन मण्यांवरून हात फिरवायला लागली. विनायकला बेळगावच्या शेटनं चित्र दिलं होतं, विनायकनं ते धरणग्रस्तांच्या वसाहतीतल्या बायकांना दाखवलं. अमेरिकेत सू म्हणून लोक आहेत, त्यांच्या बायकांचा हा जुना पोशाख, असं तो म्हणाला मात्र, पडवीभर हसू फुटलं. सू लोक! शेजारची सोनाली तर हसता हसता भिंतीला टेकली. रक्षा तेव्हा दीड वर्षाची होती. ती लगेच उठून “आई, सू” म्हणत परसाकडे निघाली आणि बायका आणखी हसल्या. विनायक बिचारा लाल झाला. त्या हसण्यात रक्षाही हसली होती, कशाला ते न कळता, सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत. ते तोंड सुनयनाला अजून दिसतं. मेलेल्या माणसाचं शेवटचं तोंड आठवतं म्हणतात. तिला हेच आठवतं, आणि त्याची सुरुवात अशा फालतू विनोदानं होते याचा तिला राग येतो.

काम साधं होतं आणि जीव खाणारं होतं. एका टाक्यात सात-आठ मणी ओवून घ्यायचे, आडवे टाकायचे, दोरा अडकवायचा, परत उलट्या बाजूनं तसंच यायचं. असे टाके एकाखाली एक पडत गेले की मण्यांचा उभा पट्टा तयार व्हायचा, मधे किंचित उचललेला, कडेला दबलेला. भाताच्या रोपाला वाफे करतात तसे ते पट्टे दिसायचे, म्हणून बायका त्यांना वाफेच म्हणायला लागल्या. किती वाफे झाले गे? निळा वाफा संपला काय? सुई मात्र कातड्याच्या आरपार जाता कामा नये. वरच्या पापुद्र्यातूनच ती काढायची. वर एवढं मण्यांचं ओझं, आणि आतून हात फिरवला तर काही लागायला नको. सुनयनाला ते लवकर जमलं. पुढं तिचंही तसंच झालं. बाहेर सगळं ओवलेलं, टाचलेलं, जागच्या जागी. आत हात घातला तर काही लागत नसे.

खांद्यावरून छातीपर्यंत सगळं निळं भरायचं आणि गळ्याखाली मधोमध एक वळण काढायचं, घोड्याच्या नालेसारखं. विनायक त्याला नालच म्हणाला. बायजाला अलीकडे कमी ऐकू येई. तिनं नाळ ऐकलं. तिनं मान डोलावली आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, व्हय तर, बाईच्या अंगावरचं कापड म्हंजे तिथं नाळ असणारच, पोराची नाळ. तिला सुधारायला कुणी गेलं नाही. म्हातारीला तोंड द्यायला वेळ कुणाला होता? पण शब्द चिकटला. नाळ भरून झाली काय? नाळेला तांबडे मणी लाव. नाळ वाकडी झालीया, उसव. सुनयनाच्या हातून कितीतरी झग्यांच्या नाळा भरून गेल्या आणि तिला त्या शब्दाचं काही वाटलं नाही, रक्षा जाईपर्यंत.

ताप होता. नुसता ताप. सकाळी खेळली, दुपारी निजली, आणि दिवेलागणीला अंग भाजायला लागलं. प्रशांत, सुनयनाचा नवरा, गोव्यात कामाला. फोन लागत नव्हता. बायजानं दृष्ट काढायला घेतली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन पोरीवरून उतरल्या आणि चुलीत टाकल्या. एरवी मिरची विस्तवावर पडली की घरभर ठसका उठतो, शेजारीसुद्धा खोकतात. दृष्ट लागलेली असली तर मिरच्या नुसत्या जळतात, ठसका येत नाही. त्या संध्याकाळी आला नाही. “केवढी लागलीया बघ,” बायजा म्हणाली, आणि तिच्या आवाजात घाबरणं कमी, हायसं वाटणंच जास्त होतं, कारण सापडलं म्हणजे उतरणार. सुनयनालाही हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यात किती वेळ गेला हे ती मोजत नाही. मग पोरीचे डोळे फिरले आणि जीप शोधायला धावपळ झाली. लोंढा मागं पडलं. खानापूरचा दवाखाना यायचा होता. मांडीवरचं अंग गार व्हायला लागलं तेव्हा सुनयनाला क्षणभर वाटलं ताप उतरला, आणि ती पुढं बसलेल्या सोनालीला तसं म्हणालीसुद्धा. “उतरला गे,” ती म्हणाली होती. या दोन शब्दांसाठी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि माफ करण्यासारखं त्यात काही नव्हतंच, हेही तिला ठाऊक आहे.

मनगट्या कुणीतरी कापून काढल्या. काळ्या मण्यांच्या, दृष्ट लागू नये म्हणून बारशाला घातलेल्या. एक हरवली, एक सुनयनाच्या हातात राहिली. रक्षा ती सारखी तोंडात घालायची, दोऱ्याला तिच्या लाळेचा वास होता. अशी वस्तू वाहत्या पाण्यात सोडायची असते. पण बायजा अडून बसली. तिचं गाव सुप्याच्या धरणात गेलेलं. नवी सून म्हणून ज्या घाटावर तिनं पहिली घागर भरली तो घाट, ते देऊळ, देवळापुढचं दगडी कासव, सगळं पाण्याखाली. “घरातलं जे काय सोडायचं ते आमच्या घाटावर सोडत हुतो,” ती म्हणाली. “आता त्यो घाट कुठं हाय? धरणाचं पाणी हलत न्हाई. सोडलेलं फिरून काठाला लागतंय. पोरीचं काठाला लागलेलं मला बघवायचं न्हाई.” दुसरे ओढे होते, नद्या होत्या, अणशीच्या बाजूला तर उतरेल तिथं पाणी वाहतं. पण म्हातारीला नको होतं, प्रशांतला बोलायचं नव्हतं, आणि सुनयनाला, खरं सांगायचं तर, सोडायचंच नव्हतं. मनगटी चहाच्या रिकाम्या डब्यात राहिली. डबा फळीवर. चहा करताना रोज हात शेजारच्या डब्याकडे जायचा आणि मधेच थांबायचा. शेवटी एका दुपारी पडवीत एकटी असताना तिनं डबा काढला, दोरा तोडला, आणि समोरच्या झग्याच्या नाळेत ते मणी ओवले. बायजा कधी येऊन मागं उभी राहिली कळलं नाही. तिनं वाकून बोटानं काळे मणी चाचपले. “लांब जाईल न्हवं?” तिनं विचारलं. “समुद्रापलीकडं, आत्ती,” सुनयना म्हणाली. “मग बेस झालं. समुद्र हलतोय,” बायजा म्हणाली आणि आत गेली.

आणि आता समुद्रापलीकडून तेच मणी परत आले होते, शेटनं विनायकला पाठवलेल्या चित्रात, हातातल्या काचेत, एका पांढऱ्या वाडग्यात. विनायक गोव्याच्या हॉटेलात काम करून आलेला, त्याला इंग्रजी समजतं. तो तुकड्यातुकड्यानं सांगत होता. ही बाई त्याच सू लोकांतली. तिनं आंतरजालावर हा झगा बघितला, सू लोकांनी केलेला म्हणून कुणीतरी विकत होता, म्हणून चिडून मागवला. “आधी लई बोलली. चोर म्हणाली, काय काय म्हणाली. ती सू म्हणवून घेत न्हाई बघ. लकोटा म्हणती.” “लखोटा?” सुनयना म्हणाली. “लकोटा, अक्का. लोकांचं नाव हाय.” पण तिच्या कानात लखोटाच राहिला. बंद करून, वर नाव न घालता पाठवलेला. तो कुणीतरी फोडला होता. विनायक पुढं सांगत होता: हे निळं म्हणजे त्यांच्यात तळं, आणि गळ्याखालचं वळण म्हणजे तळ्याच्या काठाला आलेलं कासव. कासव पोरींना सांभाळतं म्हणे, आयुष्य देतं. पोर जन्मली की तिची नाळ कातड्याच्या बारक्या कासवात घालून, वरनं मणी लावून जपून ठेवतात. “नाळ?” सुनयनानं विचारलं. “नाळच म्हणाली. आपल्या बायजामावशीनं त्या दिवशी—” विनायक हसला आणि तिचं तोंड बघून थांबला. त्यांचीबी गावं धरणात गेल्यात म्हणे, तो उगाचच म्हणाला.

तेवढ्यात काचेच्या कडेनं एक पोरगी आत आली. चारेक वर्षांची असेल, दोन वेण्या, नाक वाहत होतं. ती सरळ त्या बाईच्या मांडीवर चढली, वाडग्यात हात घातला आणि मणी मुठीत घेऊन तोंडाकडे नेले. बाईनं फटकन हातावर मारलं, मणी सांडले, पोरगी हसली. सुनयनाची पोर आज एवढीच असती. हे तिला कुठल्याही पोरीकडे बघून वाटायचं आणि ते दाबून टाकायला ती शिकली होती. पण या पोरीच्या तोंडाशी कुठले मणी गेले ते या दुकानात फक्त तिला ठाऊक होतं. “ही तिची नात,” विनायक म्हणाला. “आता ऐक. कातडं जाळून टाकणार म्हणती, पण मण्यांचा दोष न्हाई. ज्यानं हे शिवलं त्याचा हात चांगला हाय. म्हणून हेच मणी नातीच्या झग्याला लावणार. पहिल्यांदा नाचाला उभी ऱ्हाणार हाय ती. पण विचारती, कासवात ते काळे कशाला घातलेत? आमच्यात तसं न्हाई. कुणी घातले, कशासाठी, तेवढं कळवा, मग ते कासवात लावीन.” विनायकनं मोबाइल खाली ठेवला. “शेट म्हणाला, नीट उत्तर द्या, उगा बोंब नको. तूच शिवलीस न्हवं ते? बोल, काय लिवू?”

सुनयनाला काय लिहायचं ते माहीत होतं. ते इतकं सोपं होतं की लहान मुलालाही सांगता आलं असतं. गेलेल्या पोराचा दोरा जित्या पोराच्या अंगाला लावायचा नसतो. वसाहतीत सावित्रीला नात झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, रक्षाची मनगटी घरातच हाय न्हवं, द्या की. बायजा त्या बाईवर अशी ओरडली की ती पुन्हा दारात आली नाही. गेलेली मागनं बोलावते. एवढंच सांगायचं होतं. काळे तेवढे काढा. वाहत्या पाण्यात सोडा. बाकीचे खुशाल लावा. विनायक अंगठा उचलून थांबला होता. बाहेर दांडेलीची बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. सुनयनानं तोंड उघडलं आणि तिला ती पोरगी नाचताना दिसली. तिनं तो नाच कधी बघितला नव्हता, त्यामुळं पोरगी आपल्याकडच्यासारखीच नाचत होती, फुगडी घालून, आणि तिच्या छातीवर काळे मणी वर-खाली होत होते. उन्हात. घामात. पोरगी मोठी व्हायची, झगा आखूड व्हायचा, मग तो कुणीतरी वाढवायचा, मणी तिथंच. फळीवरच्या डब्यात नव्हे, पाण्याच्या तळाशी नव्हे. जित्या अंगावर, श्वासाबरोबर हलत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत हात घातल्यावर काहीतरी लागलं होतं, आणि ते सोडायची सुनयनाची तयारी नव्हती.

“चुकून झालं म्हणून सांगा,” ती म्हणाली. “निळे संपले हुते. काळे लागले हातात.”

“एवढंच?” विनायक म्हणाला. “मला वाटलं काय तरी असंल.” त्यानं लिहिलं आणि पाठवलं. ‘टुप’ असा आवाज झाला. “तेवढं चित्र माझ्या मोबाइलात घाला, अण्णा,” सुनयना म्हणाली. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

घरी जाताना तिला कुणी मागून हाक मारेल असं वाटत राहिलं. रस्त्याच्या कडेनं चालताना ती स्वतःशीच बोलत होती, आणि बोलणं भांडणासारखं होतं. काय होतंय त्या पोरीला? तिकडं आपले नियम चालतात कशावरून? त्यांचं कासव हाय की सांभाळायला. मग लगेच दुसरा आवाज, त्यांचं कासव तू फोडलंस. त्यात काय ठेवलंस ते सांगितलं न्हाईस. ती विचारत होती गे, बाई. स्वतःहून विचारत होती. कुणी कधी तुला एवढं नीट विचारलं होतं? रक्षा गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं. देवानं नेली, दृष्टीनं नेली, दुसरी होईल. विचारलं कुणीच नाही. आणि जिनं विचारलं तिला तू निळे संपले म्हणून सांगितलंस.

बायजा पडवीत वाट बघत होती. वसाहतीत बातमी पायांच्या आधी पोचते. सोनालीनं आधीच विनायककडं ते चित्र बघितलं होतं आणि म्हातारीच्या कानात ओरडून सगळं सांगितलं होतं. बायजा उठून उभी राहिली, भिंतीला धरून. सुनयनानं तिला इतकं घाबरलेलं फक्त एकदा बघितलं होतं.

“नातीच्या झग्याला लावतीया म्हणं.”

“व्हय.”

“आपले? काळे?”

“व्हय, आत्ती.”

“मग कळवलंस न्हवं? गेलेल्या लेकराचं हाय म्हणून? तिला काय ठाव असणार बाई. तिचं पोर न्यायला कारण आपण कशाला व्हायचं? सांग की गे, कळवलंस न्हवं?”

सुनयनानं सासूच्या हाताकडे बघितलं. बोटं भिंत चाचपत होती, जणू अजून तो वाफाच हाताखाली होता. या बाईनं गाव बुडताना बघितलं, नात जाताना बघितली, आणि समुद्र हलतो एवढ्यावर समाधान मानलं. आता ती कुठल्या कोण परक्या पोरीसाठी घाबरली होती.

“कळवलं,” सुनयना म्हणाली. “काळे काढून पाण्यात सोडते म्हणाली.”

“वाहत्या?”

“वाहत्याच.”

बायजानं डोळे मिटून हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि हळूहळू आत जाऊन अंथरुणावर पडली. थोड्या वेळानं तिचं घोरणं ऐकू यायला लागलं. खोटं इतकं सहज पचतं, याचं सुनयनाला आश्चर्य वाटलं नाही. तिनं पडवीत ठेवलेला अर्धा झगा पुढं ओढला, सुई घेतली. नाळ अजून मोकळी होती. पिवळं कातडं नुसतं. तिनं चार मणी ओवले आणि परत काढले. हात उगाचच कातड्याच्या आतून फिरला. आत काही लागत नव्हतं, जसं लागू नये तसं. ऊन भिंतीवरून उतरत होतं. पोरगी तिकडं आता उठली असेल की निजली असेल? तिकडं दिवस कधी असतो? तिचं नाक वाहत होतं. नाक वाहतंय म्हणजे सर्दी, सर्दीचा ताप व्हायला किती वेळ लागतो? बसल्या जागी सुनयनाच्या तळव्यांना गरम कपाळ लागलं. खरोखर लागलं. तिनं तळवे लुगड्याला पुसले. मग पुन्हा लागलं. हे किती वर्षं चालेल, हा विचार तिच्या मनात आला. ती पोर मोठी होईस्तोवर चालेल. रोज. कळवलं असतं तर सुटली असती. आता ती पुन्हा आई झाली होती, आणि तिकडं काही झालं तर धावायला जीपसुद्धा नव्हती.

दिवेलागणीला तिनं परसातली चूल पेटवली, पाणी तापवायची. मोबाइल भिंतीच्या कोनाड्यात उभा केला आणि चित्र बोटानं पुढं सारत नेऊन पोरगी मांडीवर चढते तिथं थांबवलं. पोरीचा हात वाडग्यात होता, तोंड उघडं. सुनयनानं मीठ घेतलं, मोहरी घेतली, मिरच्या घेतल्या, मूठ बंद केली आणि त्या तोंडावरून उतरू लागली. घरच्याची, दारच्याची. वाटेवरच्याची. पाहुण्याची, परक्याची. आजीची लागली असंल तर आजीची. ती थांबली. मग हळूच म्हणाली, माझी. माझी लागली असंल तर माझी. आणि ज्या लेकराचं हाय त्याची, त्याला म्हणावं खेळ, पण बोलावू नको. तिनं मूठ विस्तवावर सोडली.

मीठ तडतडलं. मोहरी उडाली. मिरच्या फुगल्या, तांबड्याच्या काळ्या झाल्या, त्यातून धूर निघाला, पातळ, निळसर. सुनयना वाट बघत उभी राहिली. मग वाकली. मग चुलीच्या अगदी तोंडाशी गुडघे टेकून बसली आणि श्वास आत ओढला. गरम हवा घशात गेली. दुसरं काही नाही. मिरच्यांची राख होऊन विस्तवात मिसळायला लागली तरी दुसरं काही नाही. तिनं पुन्हा श्वास ओढला, इतका की छाती दुखली, आणि मग घसा ताणून मुद्दाम खोकली. आवाज खोटा आला. ती आणखी मोठ्यानं खोकली.

आत अंथरूण सळसळलं. “दृष्ट काढालीस काय गे?” बायजाचा झोपाळलेला आवाज आला. “कुणाची?”

“कुणाची न्हाई. आपली उगाच.”

“ठसका आला न्हवं? मला ऐकू आला की.” म्हातारी कुशीवर वळली. “मग लागलेली न्हाई. काय भ्या न्हाई बघ.”

“व्हय, आत्ती,” सुनयना म्हणाली, आणि आणखी एकदा खोकली.